संस्थेतल्या मुलाला कायद्याने आपलं करताना: नोंदणीपासून जन्मदाखल्यापर्यंत

आमची मुलगी घरी आल्यापासून मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे. “ताई, तुमच्या ओळखीच्या संस्थेत एखादं बाळ आहे का? खर्चाचं आम्ही बघून घेऊ.” विचारणारी माणसं चांगली असतात. बऱ्याचदा दहा-दहा वर्षं दवाखान्याच्या पायऱ्या चढून थकलेली असतात. तरी माझं उत्तर ठरलेलं आहे: ओळखीने मूल मिळत नाही, आणि कुणी देतो म्हणालं तर तिथून लांब व्हा.

बाल न्याय कायद्याच्या कलम 80 प्रमाणे, ठरलेली पद्धत सोडून अनाथ किंवा सोडून दिलेलं मूल दत्तक म्हणून देणं-घेणं हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलाची खरेदी-विक्री झाली तर कलम 81 लागतं, सक्तमजुरी पाच वर्षांपर्यंत. मूल ज्यांच्या ताब्यात आहे असे दवाखान्यातले कर्मचारी त्यात सामील असतील तर तीन ते सात वर्षं. शिक्षेपेक्षाही मला भीती वाटते ती त्या मुलाची. दोन-तीन वर्षं एका घरात कुणाला ‘आई’ म्हणत वाढल्यावर पोलीस दारात येतात आणि मूल पुन्हा संस्थेत जातं. 2021 मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत “आईवडील गेले, दोन लहान मुलं आहेत, दत्तक हवी असल्यास फोन करा” असे निरोप व्हॉट्सअपवर फिरत होते. पुढे पाठवणाऱ्यांना ते पुण्याचं काम वाटत होतं. असं मूल दिसलं तर योग्य कृती एकच: 1098 वर फोन किंवा जवळचं पोलीस ठाणे. चोवीस तासांच्या आत ते मूल बालकल्याण समितीसमोर गेलं पाहिजे.

मराठीत ‘दत्तक’ म्हटलं की आजही आधी गादी, वाडा आणि वंश आठवतो. वेगळी वाटही आपल्याकडे जुनीच आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत आपला म्हणून वाढवला, त्याला डॉक्टर केलं. आजचा कायदा त्या दुसऱ्या वाटेने जातो. समोर एक मूल आहे, त्याला घर हवं आहे, तिथून तो सुरू होतो. हे एकदा मनात बसलं की पुढचे कागद, भेटी आणि वाट पाहणं यांचा जाच निम्मा होतो.

मूल दत्तकमुक्त कसं होतं

संस्थेत राहणारं प्रत्येक मूल दत्तक देता येत नाही. बालगृहातल्या अनेक मुलांना आई किंवा वडील असतात. गरिबी, आजारपण, तुरुंगवास, व्यसन अशा कारणांनी ती तिथे आलेली असतात. दत्तक जाऊ शकतात ती फक्त अनाथ, परित्यक्त म्हणजे सोडून दिलेली, आणि पालकांनी रीतसर समितीपुढे सुपूर्द केलेली मुलं. त्यांनाही जिल्ह्याच्या बालकल्याण समितीने ‘दत्तकमुक्त’, म्हणजे दत्तक द्यायला कायद्याने मोकळं, जाहीर करावं लागतं.

सुपूर्द करणाऱ्या आईवडिलांना विचार बदलायला कायदा साठ दिवस देतो. सापडलेल्या मुलाच्या बाबतीत नातेवाइकांचा शोध घेऊन दोन वर्षांपर्यंतच्या बाळाचा निर्णय दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्या मुलाचा चार महिन्यांत व्हावा, असं कलम 38 सांगतं. प्रत्यक्षात मोठ्या मुलांचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं. वर्षातून एकदा दिवाळीला येणारा एखादा मामा असतो. तो मुलाला नेत नाही, आणि ‘आमचं कुणी नाही’ असं लिहूनही देत नाही. मूल सहाचं असतं ते नऊचं होतं. पालक म्हणून इथे तुम्हाला काही करता येत नाही, पण हे ठाऊक असावं. “संस्थेत एवढी मुलं आहेत आणि आम्ही ताटकळतोय” ही तक्रार अर्धवट माहितीवर उभी असते.

कोणता कायदा लागतो

दोन वेगळ्या वाटा लोक हमखास एकमेकींत मिसळतात. 1956 चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा प्रामुख्याने ओळखीतल्या, नात्यातल्या दत्तकासाठी वापरला जातो. त्यात दत्तकपत्र नोंदवून काम होतं. संस्थेतल्या मुलासाठी मात्र बाल न्याय कायदा, 2015 आणि त्याखालचे दत्तक नियम, 2022 हीच वाट. ती सर्व धर्मांच्या लोकांना खुली आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच शबनम हाश्मी प्रकरणात, तेव्हाच्या बाल न्याय कायद्याबाबत, स्पष्ट केलं. दिल्लीचं केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे ‘कारा’, देशभराची एकच यादी चालवतं. जिल्ह्यात तुमचा संबंध येतो तो जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि मान्यताप्राप्त विशेष दत्तक संस्था यांच्याशी.

आपण पात्र आहोत का

जोडपं असेल तर किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक आयुष्य आणि दोघांची संमती लागते. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी, दोन्ही दत्तक घेता येतात. एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही. मूल आणि पालक यांच्यात किमान पंचवीस वर्षांचं अंतर हवं. ज्यांना आधीच दोन किंवा अधिक मुलं आहेत, त्यांचा विचार विशेष गरजा असलेल्या किंवा घर मिळायला अवघड ठरलेल्या मुलांसाठीच होतो. सावत्र मुलाचं आणि नात्यातलं दत्तक याला अपवाद आहे.

वयाचा हिशोब जोडप्याच्या बाबतीत दोघांच्या वयांची बेरीज करून होतो. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ही बेरीज 85 च्या आत हवी, दोन ते चारसाठी 90, चार ते आठसाठी 100 आणि आठ ते अठरासाठी 110. एकट्या व्यक्तीसाठी हीच मर्यादा अनुक्रमे 40, 45, 50 आणि 55. स्वतःचं घर, मोठा पगार, मूल न होण्याचा वैद्यकीय दाखला यांतलं काहीही अट म्हणून नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या जोडप्यांचे अर्ज मंजूर झालेले मी पाहिले आहेत.

नोंदणी आणि कागद

नोंदणी काराच्या पोर्टलवर स्वतः करायची. एजंट लागत नाही, सायबर कॅफेवाल्याला पासवर्ड देऊ नका. मोबाईल क्रमांक आणि ईमेल पुढची काही वर्षं बदलणार नाही असा द्या, कारण सगळ्या सूचना तिथेच येतात. त्यानंतर तीस दिवसांत कागद चढवायचे असतात: कुटुंबाचा फोटो, पॅन, जन्मतारखेचा आणि राहण्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा, लग्नाचा दाखला (लागू असेल तिथे घटस्फोटाचा हुकूम किंवा जोडीदाराचा मृत्यू दाखला), आणि गंभीर किंवा संसर्गजन्य आजार नसल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र. एकट्या अर्जदाराने जवळच्या नातेवाइकाचं हमीपत्रही तयार ठेवावं, की आपलं काही बरंवाईट झालं तर मुलाला तो सांभाळेल.

आमचं अडलं ते लग्नाच्या दाखल्यावर. लग्नाला बारा वर्षं झाली होती, फोटोंचे अल्बम होते, पत्रिका होती, नोंदणी मात्र केलेली नव्हती. आधारवर एक आडनाव, पॅनवर दुसरं, हा घोळ तर अनेक बायकांच्या कागदांत असतो. नोंदणीला बसण्याआधी नावं आणि जन्मतारखा सगळीकडे सारख्या करून घ्या. तुमचा ज्येष्ठताक्रम, म्हणजे रांगेतला नंबर, नोंदणी पूर्ण होऊन कागद चढल्यापासून धरला जातो, म्हणजे इथे घालवलेले तीन महिने पुढे तीन महिनेच मागे ठेवतात.

मुलाचं वय, लिंग आणि राज्य यांची पसंती याच वेळी भरायची असते. 2024-25 मध्ये देशात 4,515 मुलं या मार्गाने दत्तक गेली आणि त्यांत महाराष्ट्र सर्वांत पुढे होता. तरी वाट पाहणाऱ्या पालकांची संख्या याच्या कितीतरी पट आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांना दोन वर्षांखालचं निरोगी बाळ हवं असतं. त्या रांगेत तीन वर्षांहून अधिक काळ सहज जातो. पाच-सात वर्षांच्या मुलांसाठी रांग खूपच छोटी. विशेष गरजा असलेली किंवा आधीच्या फेऱ्यांत घर न मिळालेली मुलं तर पोर्टलवर वेगळी दिसतात, आणि नोंदणी पूर्ण झालेल्या पालकांना ज्येष्ठताक्रमाची वाट न पाहता त्यांची निवड करता येते. ‘विशेष गरज’ हा शब्द वाचून पान बंद करू नका, अहवाल उघडून वाचा. कधी ती शस्त्रक्रियेने बरी होणारी दुभंगलेली टाळू असते.

होम स्टडी

कागद पूर्ण झाले की दत्तक संस्थेचे किंवा बाल संरक्षण कक्षाचे समाजकार्यकर्ते घरी येतात. त्यांचा गृहअध्ययन अहवाल साठ दिवसांत व्हावा असा नियम आहे. त्याचं शुल्क 6,000 रुपये आणि अहवाल तीन वर्षं चालतो. या भेटीची लोक जेवढी धास्ती घेतात तेवढी बोर्डाच्या परीक्षेचीही घेत नसतील. मी आदल्या दिवशी पडदे धुतले होते. आलेल्या ताईंनी पडद्यांकडे पाहिलंही नाही. त्यांनी सासूबाईंशेजारी बसून विचारलं, “आजी, नातीच्या शाळेत तिच्या जन्माबद्दल कुणी बोललं तर तुम्ही काय सांगाल?” सासूबाई गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “खरं सांगू? मला अजून माहीत नाही.” ते उत्तर अहवालात वाईट म्हणून लिहिलं गेलं नाही. उलट पुढची अर्धी भेट त्याच विषयावर झाली.

या भेटीत नवरा-बायकोंना वेगवेगळंही विचारतात. दोघांपैकी एकाचं मन तयार नसेल तर ते इथे बाहेर यावं, यातच सगळ्यांचं भलं आहे. मूल न झाल्याचं दुःख अजून ओलं असेल, घरातलं कुणी विरोधात असेल, कर्ज असेल, पूर्वी नैराश्यावर उपचार झाले असतील, तर ते सांगा. लपवलेली गोष्ट नंतर उघडी पडली की विश्वास जातो, आणि त्याची झळ आधी मुलाला लागते. घरात आधीचं मूल असेल तर त्याच्याशीही बोललं जातं, म्हणून त्याला पाहुणे आल्यावर पहिल्यांदा कळेल असं करू नका.

आम्हीही सुरुवातीला दोन वर्षांखालचंच बाळ मागितलं होतं. ताईंनी एवढंच विचारलं की रात्री उठून बाटली देण्याची हौस आहे, की मूल वाढवायचं आहे. आठवडाभर आम्ही नीट झोपलो नाही. मग पसंतीतलं वय बदललं.

अठ्ठेचाळीस तास

तुमचा क्रम आला की पोर्टलवर मुलाचा फोटो, बालअध्ययन अहवाल (मुलाची एकूण माहिती) आणि वैद्यकीय तपासणी अहवाल येतो. मूल राखून ठेवायला अठ्ठेचाळीस तास असतात. ते शनिवारी संध्याकाळी सुरू होऊ शकतात, गावी जत्रेला असतानाही. म्हणून एक बालरोगतज्ज्ञ आधीच गाठून ठेवा आणि त्यांना सांगून ठेवा की असा अहवाल कधीही येईल. वैद्यकीय अहवाल आपल्या डॉक्टरकडून तपासून घेण्याचा हक्क पालकांना आहे. वजन-उंचीची वाढ, डोक्याचा घेर, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी, थॅलेसेमिया किंवा सिकलसेल, आणि मोठ्या मुलाच्या बाबतीत बोलणं, ऐकणं, शाळेतली पातळी, हे मुद्दाम विचारा.

राखून ठेवल्यावर संस्थेत जाऊन भेट, दत्तक समितीची बैठक आणि स्वीकृतीची सही हे सगळं तीस दिवसांत उरकायचं असतं. नाही म्हणण्याचा अधिकार तुम्हाला आहे. पण तो वापरायचा तर मुलाला भेटण्याआधी, कागद पाहून वापरा. सहा वर्षांच्या मुलाला संस्थेत सांगितलेलं असतं की तुला बघायला कुणीतरी येणार आहे. त्याने केस नीट विंचरून घेतलेले असतात. भेटून गेलेलं माणूस परत आलं नाही की पुढच्या वेळी ते मूल खोलीतून बाहेर यायला तयार होत नाही. मी हे पाहिलं आहे, आणि म्हणूनच इतक्या कळकळीने सांगते आहे.

पहिल्या भेटीला खेळण्यांची पिशवी नेऊ नका. आम्ही घराचे फोटो नेले होते: दार, तिची झोपायची जागा, आजी, गल्लीतलं कुत्रं. तिने दोनच प्रश्न विचारले. कुत्रं चावतं का, आणि संस्थेतल्या मावशींना फोन करता येईल का. मोठ्या मुलाची इच्छा आदेश देण्याआधी विचारात घेतली जाते. हा कायद्याचा भाग आहे, आणि तो नुसता सहीपुरता राहू नये हे आपण पाहायचं.

संस्थेला द्यायचे 50,000 रुपये नियमाने ठरलेले आहेत. चेक, ड्राफ्ट किंवा ऑनलाइनच द्या आणि पावती घ्या. त्यावर कुणी ‘देणगी’ मागितली तर देऊ नका, जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवा.

आदेश आणि जन्मदाखला

सही झाल्यावर मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी तुमच्याबरोबर घरी येऊ शकतं. आदेश यायचा बाकी असतो, पण एकत्र राहणं सुरू होतं. इकडे संस्था बाल संरक्षण कक्षामार्फत अर्ज दाखल करते. 1 सप्टेंबर 2022 पासून दत्तक आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आला. त्या वेळी प्रलंबित असलेली प्रकरणं वर्ग करण्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि ती न्यायालयातच चालू ठेवावीत असा अंतरिम आदेश जानेवारी 2023 मध्ये झाला. त्यामुळे जुन्या पालकांच्या फायलीत न्यायालयाचा हुकूम दिसला तर गोंधळून जाऊ नका. सुनावणी बंद दाराआड होते आणि दोन महिन्यांत निकाल अपेक्षित असतो. आदेशावर हरकत असेल तर तीस दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं.

आदेश हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. मुलाचं नवं नाव, तुमची नावं, जन्मतारीख यांत एका वेलांटीची चूक असली तरी ती जन्मदाखल्यात, तिथून आधारमध्ये आणि शाळेत जाते. आदेश दाखवून जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात अर्ज केला की पाच कामकाजी दिवसांत नवा जन्मदाखला मिळायला हवा. त्यावर आईवडील म्हणून तुमचीच नावं असतात. खिडकीवरच्या माणसाला नियम माहीत नसेल तर संस्थेकडून पत्र घेऊन जा, वाद घालत बसू नका. आदेशापासून ते मूल सर्व अर्थांनी तुमचं होतं, वारसाहक्कासकट. वेगळं दत्तकपत्र करावं लागत नाही. आरोग्य विमा, सेवापुस्तक, नामनिर्देशन यांत नाव लगेच घाला.

प्रतिपालकत्वातून दत्तक

ज्यांचे आईवडील आहेत पण येत नाहीत, किंवा जे सांभाळायला असमर्थ ठरले आहेत, अशा मुलांसाठी प्रतिपालकत्व आहे. बालकल्याण समितीच्या आदेशाने मूल काही काळ तुमच्या घरी वाढतं, हक्क मात्र तुमचा होत नाही. 2024 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार सहा वर्षांवरच्या मुलांसाठी ही सोय आहे. अविवाहित, विधवा, घटस्फोटित व्यक्तीही पस्तीस वर्षांच्या वयापासून अर्ज करू शकतात, आणि नोंदणी ऑनलाइन होते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली मुलामागे दरमहा 4,000 रुपये साहाय्य आहे. आपल्याकडची सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना ही वेगळी आहे, तिचा दत्तकाशी संबंध जोडू नका.

दोन वर्षं मूल तुमच्याकडे नीट रमलं आणि ते दत्तकमुक्त जाहीर झालेलं असलं, तर त्याच कुटुंबाला दत्तक घेता येतं. आधी ही मुदत पाच वर्षांची होती. मुलाची संमती इथे कळीची. पण ‘लवकर मूल मिळवण्याची मागची वाट’ म्हणून इकडे येऊ नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे. कलम 44 मुळात सांगतं की दत्तक देता येईल असं मूल दीर्घकाळ प्रतिपालकत्वात ठेवू नये. म्हणजे इथे येणाऱ्या बहुतेक मुलांची आई कुठेतरी आहे, ती बरी होऊन परत येऊ शकते, भेटायला येऊ शकते. तसं झालं तर मुलाचा हात धरून त्याला आईकडे पोहोचवण्याची तयारी असेल, तरच हो म्हणा. ज्यांच्याकडे ते बळ आहे, त्यांची राज्यातल्या कितीतरी दहा-बारा वर्षांच्या मुलांना नितांत गरज आहे.

परदेशातल्या मराठी कुटुंबांनी राहत्या देशातल्या, काराने मान्यता दिलेल्या संस्थेमार्फत अर्ज करावा. अनिवासी भारतीयांना निवासी पालकांबरोबरीचा प्राधान्यक्रम मिळतो. पण काराचं ना-हरकत प्रमाणपत्र आणि त्या देशाचे व्हिसाचे कागद हे वाढीव काम धरून चला.

घरी आल्यावर

दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा भेट होते, प्रत्येकी 2,000 रुपये शुल्क. मोठं मूल पहिले काही आठवडे शहाण्यासारखं वागतं, मग एक दिवस ताट भिरकावतं. ते तुम्हाला तपासत असतं, पुन्हा सोडून देणार का म्हणून. आमच्याकडे उशीखाली पोळ्या सापडायच्या. आम्ही रागावलो नाही, तिच्या उशाशी एक डबा ठेवला आणि तो रोज भरत राहिलो. पाच महिन्यांनी तिनेच तो स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. ही वेळ जड जात असेल तर पाठपुराव्याला आलेल्या ताईंना सांगा, समुपदेशन मागा. ‘सगळं छान’ असं लिहून घेण्यासाठी त्या येत नाहीत.

एक फाइल वेगळी करा: दत्तक आदेश, दत्तकमुक्त प्रमाणपत्राची प्रत, बालअध्ययन अहवाल, वैद्यकीय कागद, पावत्या. अठरा वर्षांचं झाल्यावर मूल स्वतः आणि त्याआधी तुमच्याबरोबर आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी अर्ज करू शकतं, तेव्हा यातला प्रत्येक कागद लागतो. आमच्या फाइलच्या शेवटच्या कप्प्यात ती संस्थेतून आली तेव्हाचा फ्रॉक आहे, आणि मावशींचा फोन नंबर तिने स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवला आहे.